कॉइलचा ताप

महिन्याभरात हॉलचा तिसरा स्पीकर जळाला तेव्हा धाकटीला रागसुद्धा आला नाही. राग यायलाही अंगात त्राण लागतं. तिने स्पीकर उघडला. आतली तारेच्या वेढ्यांची कॉइल करपून काळी पडली होती.

"हल्ली तारच हलकी येते," दादा म्हणाला.

तीस वर्षं हॉलचा आवाज दादाच्या हातात होता आणि दुरुस्ती या बहिणीच्या गळ्यात. मान मोडेस्तोवर वेढे गुंडाळून ती कंटाळली होती. शेवटी तिने ॲम्प्लिफायरला एक छोटं यंत्र जोडलं. तांब्याची तार तापली की विजेला तिचा अडथळा वाढतो. त्यावरून हे यंत्र कॉइल किती तापली ते आकड्यात दाखवायचं.

"दीडशे अंशांच्या वर गेलं की आवाज उतरवायचा," तिने दादाला बजावलं.

दुपारी गाण्याची तालीम सुरू झाली. आकडा शंभरावर गेला, मग एकशेतीस, मग एकशेसाठ.

"दादा, उतरव," ती मागून म्हणाली. त्याने मान वळवली नाही. उलट बटण आणखी वर सरकवलं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी कानांत बोटं घातली होती.

धाकटी धावत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनेच आवाज खाली ओढला.

"अगं, आत्ता कुठे जरा ऐकू यायला लागलं होतं," तो म्हणाला.

म्हणजे दोष कानांचा होता. बिचाऱ्या तारेला उगाच नावं ठेवली.

"कधीपासून?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. "वर्ष झालं. डावा तर गेलाच."

"सांगायचंस ना रे."

"तू घरी बसवलं असतंस."

बसवलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. आकडा सावकाश उतरत होता.

डॉक्टरांनी कानाला मशीन दिलं. त्याने निम्मंच भागलं. आता आवाजाच्या टेबलावर धाकटी बसते. कंटाळा तोच, खुर्ची तेवढी बदलली. स्पीकर जळायचे थांबलेत. जुन्यांच्या कॉइल मागच्या खोलीत दादा गुंडाळतो. हात अजून पक्का आहे त्याचा. वेढे मोजताना तो चांगला मोठ्याने मोजतो, आणि हे त्याला कळत नाही. धाकटी मधेच टोकत नाही. आकडा चुकला तर बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.