शनिवारचं प्रकरण

माझा नवरा ओरेलियाँ अंगुलेमच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो आणि गावच्या सायंदैनिकात दर शनिवारी अंतराळाची कादंबरी लिहितो. ग्रह, यानं, यंत्रं त्याच्या डोक्यात मावत नाहीत, पण पात्रांना नावं द्यायची म्हटलं की बुद्धी संपते. मग गावातल्याच लोकांची नावं उचलतो. लोकही हौशी. आपण गुरूच्या चंद्रावर मेल्याचं वाचून आमच्या खाटकाने ते पान दुकानात चिकटवलं होतं.

या नव्या कादंबरीत यानातली माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि ती कधी होती हेही उरलेल्यांना आठवत नाही. पहिल्या शनिवारी न्हावी लाकू गेला. सोमवारी त्याच्या दुकानात टोप्या मांडलेल्या. टोपीवाली म्हणाली, बावीस वर्षं मी इथेच आहे. दुसऱ्या शनिवारी पियानो शिकवणाऱ्या बाई गेल्या. मजकूर मीच टाइप करते म्हणून की काय, मला सगळं आठवत राहिलं. घाबरून नवऱ्याला विचारलं, लाकू कुठे गेला?

ओरेलियाँ म्हणाला, "कोण लाकू? डोकं फिरलंय तुझं. जा, बहिणीकडे राहून ये चार दिवस."

गेले. त्या आठवड्याचं प्रकरण त्यानेच टाइप केलं. शुक्रवारी परतले तर छापखान्याचा माणूस तपासायची पानं घेऊन दारात उभा. लेखकाने 'छापायला हरकत नाही' असं लिहून सही केली की पुढे अक्षर हलत नाही. ओरेलियाँ शाळेत, म्हणून त्याची सही वर्षानुवर्षं मीच ठोकते. कोटही न काढता, न वाचता ठोकली.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात कार्बनची प्रत सापडली. या वेळी नाहीशी होणारी बाई यानाची स्वयंपाकीण होती, एर्मांस. एर्मांस म्हणजे मी.

सायकल दामटत छापखाना गाठला. फोरमन बास्तीदला म्हटलं, नाव बदल.

"सही झालीय, मादाम."

"ती मी केली होती, बाबा."

"मग आता साहेबांची खरी सही आणा. अंकांचा पहिला गठ्ठा विक्रीला गेलाय, उरलेले थांबवतो."

परतताना चौकातली तंबाखूवाली अंक उघडून बसली होती. मी हात केला, तिने ओळख दिली नाही. घराच्या कुलपात माझी किल्ली बसेना. घंटा वाजवली.

ओरेलियाँने दार उघडलं. "कोण हवंय आपल्याला?"

बास्तीदने दिलेला प्रकरणाचा कागद पुढे करून मी म्हटलं, छापखान्यातून आलेय, आजच्या प्रकरणातलं एक नाव बदलायचंय, सही द्या.

"आत या ना. कॉफी दिली असती, पण घरात कॉफी प्यायचा वाडगा एकच आहे. एकटाच असतो मी." त्याने कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "एर्मांस? नाही हो, हे नाही बदलणार. आजवर दुसऱ्यांची नावं उचलत आलो. हे एक मला आपोआप सुचलं."