परक्या हाताची बिस्किटं

हे बिस्किट मी केलेलं नव्हतं. एवढं कळायला मला ते तोंडात घालायचीही गरज नव्हती.

शनिवारी संध्याकाळी ह्यांचा डबा घासायला घेतला, तळाचं फडकं उचललं, तर दुमडीत एक बिस्किट अडकून राहिलेलं. तीस वर्षं मी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं केली. टाका बघून कुणाच्या हातचा ते सांगते, मग माझ्याच बिस्किटाची कड ओळखणार नाही होय? पिठाच्या दोन चकत्या, मध्ये खिमा आणि किसलेलं चीज. कड मी चिमटीनं दुमडत नेते, एकाला एक लागून, काजाच्या टाक्यांसारखी. ह्या बिस्किटाला चिमटी नव्हतीच. अंगठ्यानं दाबलेल्या सहा खोल खुणा होत्या सारख्या अंतरावर, आणि मधली जागा नुसती चेपलेली.

नळ बंद करून मी बाहेर आले. हे पेपर वाचत बसले होते.

"आज आवडली का सगळ्यांना?"

"आवडली म्हणजे काय, फस्त झाली."

"माझीच ना?"

"मग आणखी कुणाची?"

ह्यांनी पेपरचं पान उलटलं, पुन्हा उलटलं आणि होते तिथेच आले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, खोटं बोलायला अजून जमत नाही ह्यांना.

हे बस डेपोत मिस्त्री. बावीस वर्षं दर शनिवारी माझा डबा वर्कशॉपात जातो. रस्त्यात भेटलेले ड्रायव्हरसुद्धा मला बिस्किटवाल्या वहिनी म्हणतात. मला ना रूप, ना शिक्षण. हाताला चव आहे, मिरवायला तेवढंच काय ते माझ्याकडे. आणि आता माझ्याच डब्यात कुणीतरी दुसरीनं हात घातला होता. ते बिस्किट मी कागदात गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. पुरावा हाताशी असलेला बरा.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. ती समोरच्याच गल्लीत राहते, आणि तिच्या कानावर गेलं नाही असं आसपास काही घडत नाही. मी चहाबरोबर घरासाठी राखलेली दोन बिस्किटं दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, डेपोत काय चाललंय म्हणून.

"कँटीनवालीनं नवा ओव्हन घेतलाय, एवढा मोठा," ती म्हणाली. "आणि दादा शनिवारी सकाळी तिथेच असतो म्हणे. मागच्या खोलीत. मी काही म्हणत नाही हं, वहिनी. लोक म्हणतात."

"काय म्हणतात लोक?"

"आधी पाणी दे बाई."

दोन ग्लास पाणी प्यायली. एक बिस्किट अर्धंच खाल्लं, दुसऱ्याला हात लावला नाही. चहाड्या करून घसा सुकला असेल, म्हटलं. चप्पल घालताना ती थबकली. "अगं, दूध करपतंय तुझं."

मी धावले तोवर पातेलं काळं झालेलं. थंडीत मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून हे असंच चाललंय. वास येत नाही, आणि काहीही खाल्लं तरी ओला कागद चघळल्यासारखं लागतं. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. मी कुणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही. ताप मला आला होता, माझ्या हाताला थोडाच आला होता.

तो आठवडा मी ह्यांच्यावर नजर ठेवून काढला. जेवताना हे घटाघट पाणी पीत होते. विचारलं तर म्हणे डॉक्टरांनी सांगितलंय. एरवी डॉक्टरचं ऐकतील तर शपथ. धुवायला काढलेल्या शर्टाच्या बाहीला पीठ सापडलं. मिस्त्रीच्या बाहीला ग्रीस लागावं, पीठ कुठून आलं? गेले दोन महिने शनिवारी तासभर आधी निघतात, तेही आता जुळलं. म्हातारचळ म्हणतात तो हाच, असं मी मनाशी धरलं, आणि फार वाईट वाटलं. दुसऱ्या बाईचं दुःख होतंच. पण तिची बिस्किटं माझ्या नावावर खपवत होते, ते जास्त लागलं.

शुक्रवारी दुपारी मी नेहमीपेक्षा मन लावून केली. लोणी घालून पीठ मळलं. कांदा, मिरपूड घालून खिमा कोरडा होईपर्यंत परतला आणि पार गार होऊ दिला, नाहीतर चीज भरतानाच पाघळतं. चव बघितली, सपक लागली. चिमूटभर मीठ घातलं. पुन्हा सपक. आणखी घातलं. तिच्यापेक्षा कमी पडायला नको होतं मला.

शनिवारी हे डबा घेऊन निघाले. तासाभरानं मीही निघाले. चष्मा विसरले होते ना, तो द्यायला. म्हणजे मीच तो उशीखाली सारला होता.

कँटीनच्या मागच्या खिडकीचं तावदान पिठानं आणि वाफेनं धुरकटलेलं होतं, पण वरची झडप उघडी होती. हे आत टेबलापाशी बसलेले. अंगात डेपोचा निळा डगला, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. समोर पिठाच्या चकत्या. कँटीनवाली, माझ्याहून वयानं मोठी आणि पायानं अधू, स्टुलावर बसून कांदा चिरत होती.

"मिस्त्री, ते बसचं चाक आहे का?" ती म्हणाली. "एक इथं दाबता, एक पार पलीकडे. गोल फिरवत दाबा की."

"एका बाजूनं आवळत गेलं की दुसरी बाजू उचलते," हे म्हणाले. "नट समोरासमोर आवळायचे. सहाच्या सहा बसले की काही गळत नाही." आणि ह्यांनी अंगठा दाबला, मग चकती अर्धी फिरवून पुन्हा दाबला.

शेजारी माझा डबा उघडा होता. हे मध्येच त्यातलं एक बिस्किट उचलायचे, खायचे आणि वर पाणी प्यायचे. मीठ फार झालं की माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाईकासमोर सुई बोटात घुसली की आम्ही तसाच चेहरा करायचो.

"एवढं कसं खाणार तुम्ही?" कँटीनवाली म्हणाली. "कोंबड्यांना घाला नाहीतर सरळ बाईंना सांगा. आजारानं तोंडाची चव गेली, त्यात लाज कसली?"

"पहिल्या शनिवारी पोरांनी एकेक घास घेतला आणि बाकीचं परत डब्यात ठेवलं. तसा डबा घरी कसा न्यायचा?" ह्यांनी पुढची चकती घेतली. "मोठ्या दुखण्यातून उठलीय. त्या हाताचाच तर तिला गर्व आहे. आणि कोंबड्यांना कशाला? केलंय तिनं. मला तहान लागते, एवढंच ना."

मी खिडकीपासून मागे सरले. भांडायला काय काय शब्द जुळवून आणले होते, ते कुठे ठेवावेत ते कळेना. चष्मा फाटकावरच्या वॉचमनकडे दिला, मिस्त्रींना द्या म्हटलं, आणि घरी आले. घरी येऊन रडले. ह्यांच्यावर संशय घेतला म्हणून थोडं, आणि हात खरंच गेला म्हणून बरंच.

संध्याकाळी डबा आला. "फस्त," हे म्हणाले. चष्म्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही.

पुढच्या शुक्रवारी ह्यांची ड्युटी सकाळची होती, दुपारी घरी होते. खिमा परतून झाल्यावर मी हाक मारली. हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले. पस्तीस वर्षांत त्याच्या आत आले असतील ते गळका नळ दुरुस्त करायला.

मी चमचा पुढे केला. "मीठ बघा."

ह्यांनी चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी कुठे कळतंय आता?"

ह्यांनी उंबरा ओलांडला. मग चमचा तोंडात घातला. "थोडं हवं," म्हणाले.

"मी मुळी घातलंच नाहीये."

"अगं, मग बरंच हवं," असं म्हणून हे हसले. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

मी माझं स्टूल ह्यांच्याकडे सरकवलं आणि भरलेली चकती समोर ठेवली. ह्यांनी कडेला चिमटी घ्यायला सुरुवात केली, माझ्यासारखी, बारीक बारीक. ती जाडी बोटं, पीठ फाटायला लागलं.

"तसं नको," मी म्हटलं. "तुम्हाला येतं तसं करा."

ह्यांचा हात थांबला. मला काय माहीत आणि किती, हे ह्यांनी विचारलं नाही. मान खाली घालून एक अंगठा दाबला, चकती अर्धी फिरवली आणि समोर दुसरा दाबला.

मी मिठाची बरणी उचलली, झाकण पुसलं आणि टेबलावर ह्यांच्या बाजूला ठेवली.