पोहण्याच्या मास्तरांची वडी

मी एक जुनी मेणाची वडी आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर झिजलेला साबण समजून फेकून द्याल. पण माझ्या पोटात एकेकाळी एका माणसाच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा होता, शेंगदाण्याएवढा.

ते पोहायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पाण्याला भिणाऱ्या कितीतरी मुलांना त्यांनी श्वास धरायला शिकवले, आणि त्यांच्याच छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया करून ती काढली आणि तपासणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे तिच्या तुकड्याला औषधी पाण्यात मुरवले, गरम मेण पाजले, साच्यात ठेवून वरून आणखी मेण ओतले आणि गार केले. झाला माझा जन्म! माझ्या भावंडांच्या, म्हणजे त्याच वेळी घडवलेल्या दुसऱ्या वड्यांच्या पोटात फुप्फुसाचा निरोगी भाग होता. गाठ आली ती एकट्या माझ्या वाट्याला.

मला घडवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. हात हलका, जीभ तिखट. त्यांची मुलगी मास्तरांकडेच पोहायला शिकली होती. सुरीच्या यंत्रावर त्या माझे काप काढत, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. काप कोमट पाण्यावर सोडला की त्याच्या सुरकुत्या जातात, मग तो काचेवर उचलून घेतात. माझा पहिला काप पाण्यावर पसरला तेव्हा ताई म्हणाल्या, "बघा, मास्तर इथेही पोहतायत!" सगळे हसले. मलाही बरे वाटले.

मग प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली. गाठीच्या पेशींमध्ये एक ठरावीक प्रथिन किती आहे, ते पाहायचे होते. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. माझा काप असा काही रंगला की डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतल्यांना हाका मारल्या. "या, या, बघा तरी! काय सुंदर रंग आलाय!" एकेक जण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वाहवा करून गेला. मी तर हरभऱ्याच्या झाडावर चढले.

गर्दी पांगल्यावर डॉक्टर हळूच ताईंना म्हणाले, "या गाठीत हे प्रथिन जितकं जास्त, तितका आजार चिवट. तो उलटण्याची भीती मोठी."  ताईंनी काच पुन्हा पुन्हा पुसली. माझा सगळा आनंद तिथेच विरून गेला.

आमच्याकडे एक पद्धत होती. कुणाचीही काच रंगवताना शेजारी हमखास रंगणारा एक काप ठेवायचा. तो रंगला तर रंग चांगला. तो कोरा राहिला तर रंगातच खोट, मग त्या रुग्णाच्या काचेवर विश्वास ठेवायचा नाही. हमखास रंगणारी म्हणून माझी निवड झाली. "मास्तरांना लावा रे शेजारी," असे कुणीतरी म्हणे आणि मी पुन्हा यंत्रावर चढे. कितीतरी अनोळखी माणसांची तपासणी माझ्या भरवशावर झाली. कपाटातला माझा खण सगळ्यांना पाठ होता. मी संपत चालले आहे, हे मला कळत होते, पण वडीला तोंड कुठे असते?

काही वर्षांनी मास्तरांचा आजार उलटला. तोवर एक नवे औषध आले होते. पण गाठीची आणखी एक तपासणी झाल्याशिवाय ते देत नसत. आता सुई घालून नवा तुकडा काढणे मास्तरांना झेपणार नव्हते. "जुनी वडी आहे ना, मग काळजी कसली?" असे सगळे म्हणाले. मास्तरांची मुलगी स्वतः प्रयोगशाळेत आली आणि दाराशी उभी राहिली.

ताईंनी मला यंत्रावर लावले. काप पाण्यावर सोडला. तो पारदर्शक होता. दुसरा काढला, तोही तसाच. तिसराही तसाच निघाला.

"नुसतं मेण आहे," त्या म्हणाल्या.

"थोडंसंसुद्धा नाही?" मुलीने विचारले. "बाबांचंच होतं ना ते?"

"बाबांचंच होतं गं. आम्ही दुसऱ्यांसाठी वापरत गेलो. त्यांच्यासाठी ठेवायचं राहूनच गेलं."

मुलगी रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, "एकदा बघू तरी द्याल?"

ताईंनी माझी पहिली रंगवलेली काच शोधून आणली. नव्या तपासणीला ती चालत नव्हती. मुलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ तो हलवला नाही. "किती सुंदर रंग आहे," ती म्हणाली. त्या रंगाचा अर्थ तिला कुणीच सांगितला नाही. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

मास्तर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. ते औषध त्यांना लागू पडले असते की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मी रात्रंदिवस तेच आठवत खणात पडून असते.

ताईंनी मला फेकले नाही. आता कुठलीही वडी झिजू लागली की त्या तिला बाजूला काढतात आणि कुणालाही हात लावू देत नाहीत. मित्रांनो, तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली वस्तू कितीही चांगल्या कामाला येवो, ती पार संपवू नका. तिच्या मालकाचे माणूस कधीतरी दाराशी येईल. त्याला द्यायला थोडेसे तरी उरू द्या.