राजीला सांगून

“हात सोडवू नका तिचा,” इंदुताई म्हणाल्या. “ती सोडेल तेव्हा सोडेल. तुम्ही बसा.”

बसायचं कुठे, तर वर्गातच, भिंतीला लागून घातलेल्या सतरंजीवर. तिथे आधीच पाच-सहा आया बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या पाठीआड मूल. माझी राजी पदराचं टोक मुठीत घेऊन उभी राहिली ती बसेचना. पायातल्या सँडल काढायलाही तयार नव्हती. साडेतीन वर्षांची पोर, पण मुठीतला जोर पाहून मलाच भीती वाटली.

सत्तावन्न सालचा जुलै. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या बालमंदिराचं नवं सत्र त्या सोमवारी सुरू झालं होतं, आणि माझ्या पर्समध्ये एक कागद होता: पुढच्या सोमवारी, पंधरा तारखेला, कन्या शाळेत शिक्षिका म्हणून हजर व्हावे. बी.ए. होऊन पाच वर्षांनी आलेला तो कागद. राजी सात दिवसांत बालमंदिरात राहू लागली तर मी हजर होणार, नाही तर तो कागद परत करणार, असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे सासूबाई म्हणाल्या होत्या आणि मी गप्प बसले होते.

बालमंदिरात गाणी आणि अक्षरं शिकवायला सुलोचनाबाई होत्या. इंदुताई म्हणजे शाळेची आया. माठ भरणं, नाकं पुसणं, पाट्या धुणं, घंटा वाजवणं ही त्यांची कामं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप बाजूला सरकावा. सतरंजी हे त्यांचंच राज्य. सोमवारी ती भिंतीशी असायची, मंगळवारी दाराशी, बुधवारी ओसरीवर, गुरुवारी अंगणातल्या कडुनिंबाखाली, शुक्रवारी फाटकाजवळ. शनिवारी गुंडाळून थेट माळ्यावर. आयांच्या पुढ्यात त्या चिंचोके नाही तर मणी ओतून ठेवत.

“निवडा हे. रिकाम्या हातांची आई सारखी पोराकडे बघते. मग पोर आईकडे बघतं. मग शाळेकडे कोण बघणार, मी?”

मी निवडत होते, पण बघतही होते. राजीचा श्वास, राजीचे ओठ, राजीला तहान लागली असेल का. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतल्या जयसिंहरावांची सून उषाताई बसायची. तिचा मुलगा पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या डोक्यात ठोकळा मारून रुळला होता.

“वनमालावहिनी, किती घूरता हो तिला,” ती म्हणाली. “कॉलेजात हेच शिकवतात का?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण माझ्या घूरण्याला कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, तसं मोती महालातलं सरकारी दफ्तर भोपाळला हललं. फायलींचे गठ्ठे गेले, मागोमाग कारकून गेले. माझ्या यजमानांचा, माधवरावांचा नंबर मार्चमध्ये लागला. भोपाळला घर मिळेना. चौघांत एक खोली. म्हणून राजी आणि मी इथेच, खासगी बाजार मोहल्ल्यात, सासूबाईंजवळ राहिलो. ते निघाले तेव्हा पहाट होती. राजी झोपली होती. निघताना लेकरू रडलं तर अपशकुन होतो, म्हणून सासूबाईंनी तिला उठवू दिलं नाही. चपलासुद्धा यजमानांनी जिन्याखाली जाऊन घातल्या. सकाळी राजीने विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बाजारात गेलेत, खाऊ आणायला.” संध्याकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा बाजार. आठवड्याने तिने विचारणं सोडलं आणि माझा पदर धरला. न्हाणीघरात गेले तरी ती दाराबाहेर उभी असायची.

गुरुवारी सतरंजी कडुनिंबाखाली होती. राजी ओसरीच्या कडेपर्यंत गेली. सुलोचनाबाईंनी पेटी वाजवायला घेतली, आणि पेटीचा भाता कसा उघडतो हे बघायला ती एक पाऊल आत गेली. पाठमोरी.

“आत्ता,” उषाताई कुजबुजली. “निघा. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी भूल जाएगी. सगळ्या असंच करतात.”

इंदुताई विहिरीवर होत्या. मी उठले. सँडल हातात घेतल्या आणि अनवाणी फाटकाबाहेर आले. कोपरा वळेपर्यंत मागे पाहिलं नाही. काहीतरी जमलं असं वाटत होतं.

सुट्टीच्या वेळी परत आले तेव्हा राजी दाराशी बसली होती. पायात सँडल, मांडीवर डबा. रडली नव्हती. घरी येतानाही बोलली नाही. आमच्या घरात याला शहाणपण म्हणतात. सासूबाई खूश झाल्या. “बघ, उगाच घाबरत होतीस.”

शुक्रवारी ती माझा हात न धरता गेली आणि दाराशी जाऊन बसली. शनिवारीही तेच. सुलोचनाबाई म्हणाल्या, मूल फार शांत आहे. पेटी वाजली तरी तिने मान वळवली नाही. पदर सुटला होता, म्हणजे मला हवं तेच झालं होतं. आणि मला घास गिळवत नव्हता.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास दाराची कडी वाजली. इंदुताई. घामाने डबडबलेल्या, हातात छत्री.

“पाणी द्या आधी,” म्हणाल्या. तांब्या संपवला. मग सासूबाईंना नमस्कार करून जमिनीवर बसल्या आणि माझ्याकडे वळल्या. “गुरुवारी डोळा चुकवून गेलात ना?”

मी रिकामा तांब्या उचलला.

“पोरगी रडली असती तर मी सांभाळली असती. माझं कामच आहे ते. पण ही रडतच नाही वहिनी. सँडल काढत नाही. मी म्हटलं काढ बेटा, पाय दुखतील. तर म्हणते, नको, केव्हा पण जावं लागेल. हे तिला कुणी शिकवलं?”

मग मी सांगितलं. मार्चमधली ती पहाट, बाजार, खाऊ, सगळं. सासूबाई समोर होत्या तरी सांगितलं.

इंदुताई थोडा वेळ छत्रीची मूठ चोळत राहिल्या.

“आमचे हे दरबारच्या पलटणीत होते,” त्या म्हणाल्या. “ब्रह्मदेशच्या लढाईवर गेले, तेव्हा माझी कुसुम चार वर्षांची. ते पण पहाटेच निघाले. मी पण सांगितलं, बाजारात गेलेत. पुढे तार आली. आता पोरीला काय सांगणार? बाजारात गेलेला माणूस मरतो होय? मग सांगितलंच नाही. ती सात-आठ वर्षांची झाली तरी बाड्यावर बाजाराला नेली की प्रत्येक दुकानात डोकावायची. हलवाई, कापडवाला, घड्याळवाला. मी हात ओढायची, ती डोकावायची. कळलं तिला हळूहळू, लोकांच्या तोंडून. आता उज्जैनला असते, एका लेकराची आई आहे. मागच्या दिवाळीला आली, बांगड्या भरायला बाड्यावर गेलो. चालता चालता दुकानात बघते. म्हटलं, काय बघतेस गं? तर म्हणाली, कुछ नहीं आई, आदत है।”

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, “पण इंदुताई, निघताना मूल रडणं बरं नव्हे हो. अपशकुन होतो.”

“माझी रडली नव्हती, काकू,” इंदुताई म्हणाल्या. “झोपली होती.”

त्यांनी छत्री उचलली. जिन्याशी थांबून मला म्हणाल्या, “सोमवारी या. हजर व्हायचंय ना तुम्हाला? व्हा. पण तिला सांगून.”

रविवारभर मी वाक्यं जुळवत होते. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं, त्यातलं एकही उपयोगी पडेना.

सोमवारी फाटकाशी मी खाली बसले, उकिडवी, नव्या इस्त्रीच्या साडीसकट. इंदुताई शेजारी उभ्या होत्या. राजी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती.

“राजी, गुरुवारी मी तुला न सांगता गेले. चुकलं माझं. आज सांगून जाते आहे. मी मोठ्या मुलींना शिकवायला जाते. सुट्टीची घंटा झाली की मी येईन.”

ती रस्त्याकडेच बघत होती.

“आणि बाबा बाजारात नाहीत. ते भोपाळला आहेत. त्यांचं दफ्तर तिकडे गेलं, म्हणून ते गेले. दसऱ्याला येतील आणि परत जातील. पण जाताना तुला उठवतील.”

आता तिने माझ्याकडे पाहिलं. “बाजारात नहीं हैं?”

“नाही.”

“खाऊ पण नाही?”

“नाही गं.”

ती रडली. काय रडली! मार्चपासूनचं सगळं एकदम. रस्त्यावरचा टांगेवाला थांबला. इंदुताईंनी तिला कडेवर घेतलं, आणि तिच्या लाथा पोटावर घेत मला म्हणाल्या, “जा आता. मागे बघितलंत तरी चालेल. थांबू नका मात्र.”

मी मागे बघत बघत गेले. गल्ली संपेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता, आणि खोटं वाटेल, पण त्या आवाजाने मला धीर येत होता.

माझी शाळाही सकाळचीच, पण पहिल्या दिवशी सह्या आणि कागद यांत उशीर झाला. बाड्यावरून मी अक्षरशः पळत आले. बालमंदिर रिकामं होतं. सगळी मुलं गेली होती. मागे विहिरीजवळ पाण्याचा आवाज आला, तिकडे धावले.

राजी अनवाणी होती. फ्रॉक पोटापर्यंत भिजलेला. इंदुताई पाट्या धुऊन देत होत्या आणि ती फडक्याने पुसून भिंतीला ओळीने लावत होती.

“उशीर झाला गं मला,” मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. डोळे सुजलेले होते. “ताई बोलली, लेट होतं कधी कधी.” आणि पुन्हा पाटीकडे वळून, “रुक, दोन राहिल्यात.”

मी थांबले. त्या दोन पाट्या पुसून होईपर्यंत मी विहिरीच्या कट्ट्याला धरून उभी राहिले. इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेवढ्यासाठीही मी त्यांची ऋणी आहे.

दसऱ्याला माधवराव आले. जाताना अंधारातच त्यांनी राजीला उठवलं. ती रडली, सासूबाईंनी तोंड फिरवून देवाला हात जोडले, आणि गाडी सुखरूप भोपाळला पोचली.

जानेवारीत ठरलं की आमचं बालमंदिर आणि पलीकडच्या गल्लीतला हिंदी शिशुवर्ग एक करायचे. मुलं कमी झाली होती. किती घरं भोपाळला गेली होती. सुलोचनाबाईंची सोय झाली. आया मात्र तिथे आधीच होती. मंडळाने इंदुताईंना शाल-नारळ दिला, आणि सुट्टीच्या दिवशी, मुलं नसताना दिला. मुलं आपोआप विसरतात, असं कुणीसं भाषणात म्हणालं.

त्याच दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. इंदुताईंच्या डोक्याला लोकरीचा मफलर होता.

“राजी आहे?”

मला कळलं, त्या कशाला आल्या होत्या. आणि लाज वाटते लिहायला, पण माझ्या तोंडून निघालं, “इंदुताई, आत्ताच नको. कुठे जरा रुळली आहे. मी सांगेन तिला हळूहळू.”

त्या वाद घालत बसल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मी दारातून बाजूला झाले.

राजी धावत आली. त्या दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या.

“राजी, उद्यापासून मी शाळेत नाही येणार. तुमची शाळा आता मोठी झाली. तिथे दुसऱ्या बाई आहेत. मी कुसुमकडे जाते आहे, उज्जैनला.”

“परत केव्हा?”

“आता नाही येणार, बेटा.”

राजीने बराच विचार केला. मी दाराची चौकट धरून उभी होते.

“घंटा कौन बजाएगा?”

“नव्या बाई.”

“त्यांना येते?”

“येत असेल. नाही आली तर तू सांग, आधी दोनदा हळू, मग जोरात.”

“तुम्ही रडणार?”

“थोडी.”

“मी पण,” राजी म्हणाली, आणि रडली. इंदुताईही रडल्या. मग त्यांनी सरावाने पदराच्या एका टोकाने तिचं नाक पुसलं, दुसऱ्या टोकाने आपलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“चहा घेऊन जा,” मी म्हटलं. मला याहून काहीतरी मोठं म्हणायचं होतं.

“नको वहिनी. अजून अकरा घरं राहिलीत. पोरं झोपायच्या आत व्हायला हवं.”

त्या जिना उतरल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, भिंतीला धरून. समोरच्या घराची कडी वाजली. धुक्यातून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“कान्होजी आहे का घरात? नाही हो, तुमच्याशी नाही. त्याच्याशीच बोलायचंय.”