दारापर्यंत आलेली रेघ

नवरा गेल्यापासून तिनं शिलाई मशीनला हात लावला नव्हता. लोकांना वाटायचं, दुःखामुळे. दुःख तर होतंच हो, पण खरं कारण फोनमधल्या एका निळ्या रेघेत होतं.

नवरा बसचा ड्रायव्हर. दिवसभर बसून कंबरेची पार वाट लागते म्हणून रोज सकाळी पळायचा. मनगटावर पळणाऱ्यांचं घड्याळ. कुठून पळालो, किती पळालो, सगळं ते उपग्रहांना विचारून सांगणार. "आज दहा किलोमीटर!" असं दारातूनच ओरडत यायचा. त्याचा धाकटा भाऊही पळणारा. तो लगेच हवा काढायचा. "दहा कुठले, साडेनऊ! कोपऱ्यावरच्या उंच इमारतींमध्ये तुझं घड्याळ थापा मारतं." मग चहा थंड होईपर्यंत दोघं भाऊ भांडत बसायचे.

शेवटच्या दिवशी मात्र भांडण नवराबायकोचं झालं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर त्यानं चिखलाचे बूट ठेवले. तिचा पारा चढला. "जा, पळा! परत नाही आलात तरी माझं काही अडणार नाही!" तो निघताच तिनं धाडकन दार लावलं, कडी घातली आणि मशीनवर बसली. सगळा राग पायात उतरला होता, मशीन नुसती धडधडत होती. तासाभरानं शेजारी दार बडवायला लागले. तो पुलावर कोसळला होता, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काही दिवसांनी मुलीनं घड्याळातली त्याची शेवटची वाट फोनवर उघडून दाखवली. रेघ घरातून निघून हाकेच्या अंतरावरच्या कोपऱ्यावर गेली होती. तिथून मागे वळून पुन्हा त्यांच्याच गल्लीत, थेट दाराशी. तिथं नुसता गुंता, कुणीतरी येरझाऱ्या घातल्यासारखा. मग पुन्हा कोपरा, मोठा रस्ता, पूल. पुलावर रेघ संपली.

"ते परत आले होते गं," ती म्हणाली. "दार वाजवलं असणार. माझ्या मेल्या मशीनच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही."

त्या दिवशी तिनं मशीनवर चादर टाकली. गिऱ्हाइकं कापडं परत घेऊन गेली. जेवण दोन घासांवर आलं. दाराला कडी लावायची नाही, मुलीनं लावली की अंगावर ओरडायची. शेवटी पोरीनं काकाला बोलावलं.

"वहिनी, दादा आला नव्हता," तो म्हणाला. "कोपऱ्यावर थांबून तो रोज अंग मोकळं करायचा. तिथं उपग्रहाचा संदेश इमारतींच्या भिंतींवर आपटून येतो. माणूस जागेवर उभा असला तरी घड्याळ त्याला भलतीकडे हिंडवून आणतं."

"आणि बरं नेमकं माझ्याच दाराशी आणून सोडलं?" ती भडकली. "भाऊ गेला तरी तुम्हाला तोच वाद जिंकायचाय का, भाऊजी?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण मुलगी हट्टाला पेटली. "आई, तूच घाल घड्याळ. बाबा गेले तसंच जाऊ, म्हणजे कळेल तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाले. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी घड्याळ तिच्या मनगटावर सैलच. पळणं कसलं, ती चालतच गेली. कोपऱ्यावर रस्त्याकडेचा लोखंडी कठडा होता. "दादा पाय इथं टेकवायचा," दीर म्हणाला. तिनं कठड्यावर हात ठेवला आणि उभी राहिली. रेघ इथंच राहिली, भटकली नाही, तर तो खरंच दाराशी आला होता, आणि तिनं उघडलं नव्हतं. तरी मनातल्या मनात तिचा रेघेकडे एकच धोशा होता: इथंच थांब बाई, हलू नकोस.

मुलीनं घड्याळाची नोंद कोपऱ्यावरच बंद केली आणि घरी येऊन फोन उघडला. घर, कोपरा. कोपऱ्यावरून रेघ मागे वळलेली, गल्लीत शिरलेली, आणि दाराशी तोच गुंता. ती कठड्यापासून तसूभरही हलली नव्हती.

"बघ आई!" मुलीनं तिला घट्ट मिठी मारली. "बाबा आलेच नव्हते! तुझं काहीच चुकलं नाही."

ती फोनकडे बघत राहिली. "आलेच नव्हते," ती म्हणाली. "म्हणजे रागावूनच गेले."

मुलीची मिठी सैल पडली.

"अगं, मी दार उघडलं नाही, हे मी जन्मभर सोसलं असतं. पण ते माझ्यासाठी मागे फिरले होते, एवढं तरी होतं ना माझ्याजवळ."

"वहिनी, मला वाटलं, तुमच्या मनावरचं ओझं उतरेल," दीर कसाबसा बोलला.

"उतरलं की," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडली. नवरा गेल्यापासून इतकी कधी रडली नव्हती.

दुपारी तिनं मशीनवरची चादर काढली. सुईत दोरा ओवला, कापड सुईखाली सरकवलं. दोन बोटं शिवण घालायची आणि मशीन थांबवून कान द्यायची. कुणी येणार नाही, हे आता तिला पक्कं माहीत होतं. दार मात्र तिनं सताड उघडं ठेवलं होतं.