फायनलच्या आधीचा होकार

त्या हिवाळ्यात शाम आडेच्या पायाला काय झालं होतं कोणास ठाऊक. वणीत खेळला तिथे गोल, घाटंजीत खेळला तिथे गोल. पांढरकवड्याच्या मैदानावर तर त्याच्याकडे बॉल गेला की लोक आधीच ओरडायला उठत. केळापूरजवळच्या बंजारा तांड्यावरून तो सायकल मारत यायचा, इत्तेहाद क्लबचा विटलेला हिरवा शर्ट अंगात घालायचा आणि सगळ्यांच्या पुढे पळायचा.

इत्तेहाद क्लब म्हणजे निजामुद्दीन चाचांचा क्लब. चाचांचं बसस्टँडमागे गाद्या-रजया भरायचं दुकान. दुकानाच्या वरच्या खोलीत क्लबचे बॉल, शर्ट आणि एक मोडका पंप. कॅप्टन होता मुजफ्फर, हायवेवरच्या गॅरेजात ट्रकखाली झोपून काम करणारा आणि मैदानात गोलकीपर. आणि अब्रार. अब्रार फारसा पळत नसे, पण शाम कुठे पोचणार हे त्याला शामच्या आधी कळायचं. शामचे निम्मेअधिक गोल अब्रारच्या पासवर झाले होते.

डिसेंबरातल्या टुर्नामेंटमध्ये इत्तेहादने सेमी-फायनल जिंकली. दुसऱ्या बाजूने नागपूरचा गोंडवाना युनियन क्लब फायनलला आला. गोंडवानाचे मॅनेजर देवीलाल हे भारदस्त गृहस्थ. सेमी-फायनल संपल्यावर त्यांनी शामला चहाच्या टपरीवर गाठलं.

"नागपूरच्या लीगमध्ये खेळशील? राहायचं, खायचं, बूट, सगळं आमच्याकडे. सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस. गवताचं मैदान आहे आपलं."

"येतो," शाम म्हणाला.

विचार करायच्या आधीच शब्द तोंडातून निघाला होता. देवीलालांनाही हसू आलं.

"अरे, आधी घरी विचार. आणि हे बघ, रविवारची फायनल तू तुझ्याच क्लबकडून खेळायची. जीव लावून खेळायची. सोमवारी नागपूरला चल."

शाम सायकलवर बसला तेव्हा त्याला नाचावंसं वाटत होतं. तांड्याच्या वाटेला लागेपर्यंत ते वाटणं उतरलं. अब्रारला काय सांगायचं? मुजफ्फरला? निजामुद्दीन चाचांनी त्याला पहिल्यांदा बूट दिले तेव्हा त्यात पुढे कापूस कोंबून दिला होता, बूट मोठे होते म्हणून. घरी त्याची याडी, म्हणजे आई, जमनी चुलीपाशी होती. त्याने तिला सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "आन् चाचाले सांगतलं?"

"सांगतो."

पण त्याने सांगितलं नाही. शुक्रवार गेला, शनिवार उजाडला.

शनिवारी वेगळंच संकट उभं राहिलं. मैदानाला लागूनच कापसाचं सरकारी खरेदी केंद्र होतं. भाव पडलेला, व्यापारी मागतील त्या भावात द्यायचा नाही म्हणून सगळा तालुका केंद्रावर आलेला. त्यात खरेदी बंद पडली. बैलगाड्यांची लाइन रस्त्यावरून वळली आणि सरळ मैदानात घुसली. झरी जामणीकडून आलेली माणसं गाडीखाली चूल मांडून बसली होती. एका गोलपोस्टला कोणीतरी बैल बांधला होता.

टुर्नामेंटची कमिटी म्हणाली, फायनल रद्द.

निजामुद्दीन चाचा एकेका गाडीपाशी जाऊन हात जोडू लागले. कोणी हलायला तयार नाही. हलावं तरी कसं? गाडी जागची निघाली की नंबर गेला. शामचा बाप भावसिंगही त्याच लाइनमध्ये होता, गाडीवर घोंगडी अंथरून. तो बराच वेळ चाचांकडे बघत राहिला, मग खाली उतरला.

"चाचा, लाइन मोडू नका. वाकवा."

"म्हंजे?"

"मैदानाच्या बाजूबाजूनं फिरवा ना तिले. ज्याच्या मांगं जो हाय तो तसाच राह्यला पायजे. मैदान मधात रिकामं व्हते. आन् गाडीवर बसूनशान म्याच बी दिसते."

आधी लोक हसले. मग एकाने बैल जुंपले. त्याच्यामागे दुसऱ्याने. दुपार कलेपर्यंत पांढऱ्याशुभ्र कापसाने भरलेल्या गाड्यांचं कडं मैदानाभोवती उभं राहिलं, आणि मध्ये मोकळी लाल माती. कमिटीचे लोक येऊन बघून गेले आणि फायनल पुन्हा ठरली.

गाड्या लावताना लोकांच्या गप्पा झाल्याच. गोंडवानाच्या पोरांनी कुठेतरी सांगितलं होतं की शाम आडे आता आमचा. ती बातमी गाडीवरून गाडीवर फिरली आणि फिरताफिरता बदलली. लालीबाई नावाची एक म्हातारी शेतकरीण गोलपोस्टामागच्या गाडीवर बसली होती. ती शामला बघून सगळ्यांदेखत ओरडली, "काहून रे पोट्ट्या, इकला गेला म्हन्तात तू? उद्या गोल मारनार का हारून देनार?"

शामची मान खाली गेली. भावसिंगने त्याला बाजूला घेतलं.

"खरं हाय?"

"हारून देनार नाई, बा. पन सोमवारी जातो म्हनून सांगतलं मी त्याइले."

"तुह्या लोकाइले सांगतलं?"

"नाई."

भावसिंगने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "जा नाईतर राहा, ते तुह्यं तू पाह्य. पन लोकाइले दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नोको."

कळायचं ते कळून चुकलं होतं. रविवारी शर्ट घालताना मुजफ्फर शामकडे बघत नव्हता. अब्रार बुटांच्या नाड्या बांधत राहिला. शामला सगळं बोलून टाकायचं होतं, पण रेफरीने शिट्टी वाजवली आणि ते राहून गेलं.

पहिल्या हाफमध्ये शामकडे बॉल आलाच नाही. तो मोकळा उभा राहायचा, हात वर करायचा, "अब्रार, इकडे!" म्हणून ओरडायचा, आणि अब्रार बॉल दुसरीकडे द्यायचा. एकदा तर शाम गोलपोस्टासमोर एकटा होता, तरी बॉल उलट मुजफ्फरकडे परत गेला. गोंडवानाची पोरं तयारीची होती. त्यांना हे लगेच कळलं. त्यांनी डावीकडून चाल केली आणि मुजफ्फरच्या हाताखालून गोल घातला. गाड्यांवरचा गलका एकदम बसला.

हाफटाइमला सगळे एका गाडीच्या सावलीत बसले. पाण्याची बाटली फिरली, ती शामपर्यंत आली नाही. शाम उठून उभा राहिला.

"मी होकार देल्ला हाय," तो म्हणाला. "सोमवारी चाललो नागपूरले. मले जायचं हाय. खोटं कायले बोलू, लय जायचं हाय. तुमाले आधी सांगाले पायजे होतं, हिंमत झाली नाई. पन त्याइनं मले हारा म्हनलं नाई, आन् म्हनलं असतं तरी मी हारलो नसतो. तुमाले पटत नसन त मले बाहेर बसवा. दुसऱ्याले उतरवा. पन मले उभं ठेवून बॉल देत नाई, त्यानं आपन दहाच जन खेळून राह्यलो."

मुजफ्फरने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"चाचा, तुमीच सांगा याले," तो शेवटी म्हणाला. "मोठं केलं तुमी, आन् हा चालला."

निजामुद्दीन चाचा गाडीच्या चाकाला टेकून बसले होते. "मुजफ्फर," ते म्हणाले, "मी काय खुंटा गाडून ठेवला का इथं पोरं बांधाले? जो चांगला खेळन तो जाईनच. जायालेच पायजे. मले दुख नाई का? हाय. पन ते माह्यं हाय, त्याच्या पायात कायले टाकू?" मग ते शामकडे वळले. "आन् तू बेटा, चोरावानी गप राह्यला, ते वाईट केलं. बस्स. झालं आता."

अब्रारने पाण्याची बाटली उचलून शामच्या छातीवर फेकली.

"पी. आन् पुढं पयत राह्य. मी आता मांगं पाहून पास देनार नाई."

दुसरा हाफ सुरू झाला आणि थोड्याच वेळात अब्रारने मधून एक लांब बॉल उचलला. बघणाऱ्यांना वाटलं वाया गेला. शाम दोन डिफेंडरांच्या मधून निघाला होता. बॉल जमिनीला टेकायच्या आत त्याने त्याला उजव्या पायाने असं हाणलं की गोंडवानाचा गोलकीपर हललाच नाही. बरोबरी!

गाड्यांवर माणसं उभी राहिली. कोणी पातेलं वाजवू लागलं, कोणी घोंगडी फिरवू लागलं. दिवस दिवस लाइनमध्ये खिळलेली, भाव काय निघतो या एकाच गोष्टीवर बोलून थकलेली ती माणसं गळे फाडून ओरडत होती. शामचं अंग हलकं झालं. आता तो कोणापासून काही लपवत नव्हता. बॉल मागायलाही लागत नव्हता, बॉल येत होता.

गोंडवानाच्या उंच स्टॉपरने त्याला दोनदा पाडलं. देवीलाल बाजूने त्याच्यावरच खेकसले, "अरे, उद्या तो आपला आहे, पाय तोडशील त्याचा!" सगळे हसले, स्टॉपरसुद्धा.

शेवटच्या काही मिनिटांत मुजफ्फरने एक जोरदार शॉट झेप घेऊन अडवला आणि पडल्या पडल्याच बॉल अब्रारकडे लोटला. अब्रारने पुढे दिला. शामने मारलेला शॉट स्टॉपरच्या अंगाला लागून परत आला, शामच्याच गुडघ्यावर आपटला आणि वेडावाकडा उडून गोलपोस्टातून आत गेला. जाळी नव्हती. बॉल सरळ मागच्या लालीबाईच्या गाडीत, कापसात घुसून दिसेनासा झाला.

"बाहेरून गेला!" गोंडवानाचा गोलकीपर ओरडला.

रेफरी धावत आला. लालीबाईने तोवर कापसात हात घालून बॉल शोधला होता आणि पदराखाली घेतला होता.

"बाई, बॉल द्या," रेफरी म्हणाला.

"आंधी गोल म्हन, मंग देतो."

"आजी, मला ठरवू द्या ना."

"माह्या डोयासमोरून आला तो मधातून. तुह्यापेक्षा मी जवळ होतो!"

रेफरीने लाइन्समनकडे बघितलं. लाइन्समनने झेंडा मध्याकडे दाखवला. शिट्टी वाजली, गोल! लालीबाईने बॉल दोन्ही हातांनी मैदानात फेकला आणि शामकडे बघून ओरडली, "इकला नाई रे हा! इकला नाई!"

इत्तेहाद जिंकला. पोरांनी शामला उचललं, मग चाचांना उचललं, मग कोणीतरी भावसिंगलाही खांद्यावर घेतलं आणि तो घाबरून दोघांच्या डोक्याचे केस धरून बसला. कापसाचे पुंजके हवेत उडत होते. कोणी मुद्दाम उधळत होतं, आणि त्या वर्षी कापूस उधळल्याबद्दल कोणी कोणाला बोललं नाही.

देवीलाल गर्दीतून वाट काढत आले. हरलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते. "सोमवारी येतोस ना?"

"मंगळवारी येतो," शाम म्हणाला. "उद्या खरेदी सुरू व्हनार हाय. बाचा कापूस खाली कराले लागते."

"मंगळवारी ये."

मंगळवारी सकाळी शाम पिशवी घेऊन बसस्टँडवर आला, तर समोर एक ट्रक उभा. स्टिअरिंगवर मुजफ्फर.

"इंजिन खोललं होतं याचं. ट्रायल घ्याले लागते," तो म्हणाला. "नागपूरपावतर."

मागे सगळा क्लब चढून बसला होता. चाचा पुढच्या सीटवर, टोपी सरळ करत. अब्रारने वरून हात दिला आणि शामला ओढून घेतलं. ट्रक हायवेला लागला तेव्हा गाण्याला सुरुवात झाली. सुरात कोणीच नव्हतं.

दुपारी नागपूरला शाम पहिल्यांदा गवतावर उतरला. गवत इतकं मऊ होतं की त्याला आधी पावलं जपून टाकावीशी वाटली. पहिला पास त्याच्याकडे आला आणि मैदानाच्या कठड्यावरून असा आरडाओरडा उठला की प्रॅक्टिस थांबली.

"कोण रे ते?" उंच स्टॉपरने विचारलं.

"माह्ये लोक हाय," शाम म्हणाला, आणि बॉल घेऊन पळाला.