अकरा पॉइंट शून्य

"मावशीले सांग, अकरा नको म्हणू, अकरा पॉइंट शून्य म्हण," कुंदन नागपूरहून फोनवर म्हणाला, आणि रेणूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोहाडीच्या एका विणकर संस्थेसाठी या दोघा मावसभावंडांनी कॉम्प्युटरच्या फंक्शनल भाषेत प्रोग्राम लिहिला होता. साडीची लांबी आणि बुट्टे किती ते सांगा, तो दोन बुट्ट्यांमधलं अंतर काढून देई. रेणूचं म्हणणं, भागाकार एकदाच लिहू. संख्या कुठल्याही प्रकारची येवो, नियम एकच. कुंदनला घाई. त्याने एकाच नावाची दोन फंक्शनं, म्हणजे हिशेबाच्या दोन रीती, ठेवली, एक दशांशासाठी, दुसरं पूर्णांकासाठी. आकड्यात पॉइंट आहे का ते पाहून कॉम्प्युटर त्यातलं एक निवडे. पूर्णांकाचं फंक्शन उरलेली बाकी गुपचूप टाकून देई.

बाकीचे विणकर मीटरमध्ये, पॉइंट लावून माप सांगत. रेणूची आई दुर्गाबाई तेवढी जुन्या रीतीने हाताने मोजे. अकरा हात म्हणजे अकरा हात, त्याला कसला पॉइंट? तिचं प्रत्येक अंतर जरा जरा कमी निघालं, बुट्टे आधीच संपले आणि कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी पदराजवळ हातभर कोरी राहिली. अंतर कमी वाटते, असं ती म्हणाली होती. कागदाप्रमाणे विणा, असं तिला सांगितलं गेलं. वर संस्थेचे अध्यक्ष मधुकरराव चारचौघांत म्हणाले, "बाई, तुमच्याच्यानं आता मोजमाप होत नाही." साडी काढून घेतली आणि रुमाल विणायला दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"आईनं काहून बदलावं?" रेणू म्हणाली. "दोन्ही फंक्शनं काढून मी एकच लिहिलं. आता अकरा येवो का साडेअकरा, बाकी कुठं जात नाही."

"बढिया. संस्थेच्या कॉम्प्युटरवर चुपचाप चढवून देतो. कोणाले समजणार बी नाही."

"समजलंच पाहिजे. आई इथंच बसून आहे. तूच सांग." तिने स्पीकर लावला.

"मावशी, ते सिस्टममध्ये जरासं..."

"सिस्टम नाही," रेणू म्हणाली.

"माही गलती होती, मावशी. मधुकररावले बी आत्ताच सांगतो."

दुर्गाबाई कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात न्याहाळत बसली.

"म्हणजे माहा हात आखूड नव्हता झाला?"

"नाही, मावशी."

मागाजवळच्या खुंटीवर नवाकोरा मीटरचा टेप टांगलेला होता. आईने तो कधी आणला, हे रेणूला माहीतच नव्हतं. दुर्गाबाईने तो काढून तिच्यापुढे टाकला.

"हा वापस करून ये. अन् मधुकररावले सांग, रुमाल आता त्यानंच विणावे."